एकाने वाचावे, साऱ्यांनी ऐकावे

वाचकहो, एखादी जाडजूड कादंबरी मोठ्या उमेदीने हाती घ्यावी आणि शंभराव्या पानाशी खूण घालून ती जी फडताळात जावी ती कायमचीच, असे तुमच्या बाबतीत कधी झाले आहे की नाही? खरं सांगा! व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझेराब्ल’ पाच भागांची, टॉलस्टॉयची ‘अॅना कारेनिना’ आठ भागांची. माणसांची नावे लक्षात राहत नाहीत, मध्येच लेखक भलत्या विषयात शिरतो, आणि मग आपण म्हणतो, “छे बुवा, सवड कुठं आहे!”

पण असली पुस्तके एकट्यानेच वाचली पाहिजेत, असा दंडक कोणी घातला? दोन स्नेही मिळून वाचू लागले, तर एकाला अडलेले दुसऱ्याला उमगते. एक कंटाळला, तरी दुसऱ्याच्या भिडेने पान उलटतो. ही युक्ती फार जुनी आहे. १६०५ साली निघालेल्या ‘डॉन किहोते’च्या पहिल्या भागात एक खानावळवाला सांगतो की, सुगीच्या दिवसांत कापणीचे मजूर त्याच्याकडे जमतात, ज्याला अक्षर येते तो पुस्तक उचलतो आणि तीसहून अधिक माणसे भोवती बसून ऐकतात. आपल्याकडे चातुर्मासात श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ लावीत, तेव्हा तरी दुसरे काय होत होते? वाचणारा एक, आणि ऐकणारे सारे घर.

या युक्तीने मोठा पराक्रम केला तो मात्र क्यूबा बेटात, चिरुटांच्या कारखान्यात. आज तीच हकीकत तुम्हाला सांगायची आहे.

चिरूट वळण्याचे काम कसे असते? कारागीर रांगेने बाकांवर बसतात. समोर तंबाखूची पाने आणि हातात एक वाकडी पाती, तिला ते ‘चावेता’ म्हणत. हात आणि डोळे कामात गुंतलेले, पण यंत्राचा खडखडाट नाही. त्यामुळे कान रिकामे! आपल्याकडे ज्यांनी विड्या वळताना पाहिले आहे, त्यांना हे लगेच पटेल. या रिकाम्या कानांसाठी १८६५ च्या डिसेंबरात हवानाच्या ‘एल फिगारो’ कारखान्यात वाचन सुरू झाले. सुमारे तीनशे कामगार होते. त्यांच्यातलाच एकजण वाची आणि त्याची बुडालेली मजुरी बाकीचे भरून देत. सातुर्निनो मार्तिनेस नावाचा एक कवी स्वतः चिरूट वळणारा होता. त्याने त्याच वर्षी ‘ला आउरोरा’ हे कामगारांचे पत्र काढले होते, आणि त्यातून या वाचनाचा जोराने पुरस्कार केला. पुढल्याच वर्षी ‘पार्तागास’ या नामांकित कारखान्यात वाचन सुरू झाले.

क्यूबावर त्या वेळी स्पेनचे राज्य होते. अक्षरशत्रू मजूर एकदम वर्तमानपत्रातल्या गोष्टी बोलू लागला, तर राज्यकर्त्यांना झोप कशी यावी? १४ मे १८६६ रोजी हुकूम सुटला की, पुस्तके व पत्रे वाचून किंवा कामाबाहेरच्या चर्चा करून कामगारांचे लक्ष विचलित करू नये. पुढे १८६८ साली स्वातंत्र्ययुद्ध पेटले आणि उरलेसुरले वाचनही बंद पडले. पुस्तकाची इतकी धास्ती सरकारने घ्यावी, यातच पुस्तकाची थोरवी आली.

युद्धाच्या धामधुमीत हजारो कारागीर समुद्र ओलांडून अमेरिकेत फ्लॉरिडाला गेले. प्रथम की वेस्टला, आणि पुढे १८८६ च्या सुमारास टँपाशेजारी वसलेल्या ईबोर सिटीत. जाताना त्यांनी कसब नेले, तसा वाचकही नेला. त्याला ते ‘लेक्तोर’ म्हणत. कारखान्याच्या मध्यभागी त्याच्यासाठी उंच मंच असे. ध्वनिक्षेपक कुठला? शेकडो माणसांना ऐकू जाईल असा खणखणीत आवाज हवा, म्हणून आधी परीक्षा घेऊनच निवड होई. पगार मालकाचा नव्हे. दर आठवड्याला प्रत्येक कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढी. सकाळी वर्तमानपत्रे आणि दुपारी कादंबरी, असा साधारण क्रम. कोणती कादंबरी लावायची, ते मते घेऊन ठरत असे. ह्यूगो, झोला, ड्यूमा, सर्व्हांटिस हे तिथले मानकरी. प्रसंग रंगला की पाती बाकावर आपटून कडकडाट व्हायचा. तीच त्यांची टाळी. पुरुषांचीच ही मक्तेदारी होती असेही नाही. पोर्तो रिकोची लुइसा कापेतियो ही कामगार स्त्रियांची पुढारी कारखान्यांत वाचनाचे काम करीत असे.

आता विचार करा. ज्यांना सही करता येत नव्हती, त्यांतल्या कित्येकांनी ‘ले मिझेराब्ल’ अथपासून इतीपर्यंत ऐकली! आपण सुशिक्षित म्हणवणारे तिसऱ्या भागात अडतो. त्यांना हे कसे साधले? रोज थोडे, ठरल्या वेळी, आणि शेजाऱ्याच्या संगतीने, एवढेच त्याचे रहस्य. आज ज्याँ व्हाल्ज्याँ सुटला की सापडला, हा वाद शेजारच्या बाकाशी झाल्याशिवाय राहत नसे, आणि वाद झाला की दुसऱ्या दिवशी कान टवकारलेलेच. स्वातंत्र्यासाठी झटणारा कवी होसे मार्ती १८९१ साली टँपाला आला, तेव्हा त्याचे बोलणे या लोकांनी झेलून घेतले. त्यांची मशागत या वाचनाने आधीच झालेली होती.

पण मालकांना हा मंच खुपत होता. मंचावरून लाल वाङ्मय वाचले जाते अशी तक्रार करून १९३१ च्या अखेरीस टँपाच्या मालकांनी लेक्तोरांना काढून टाकले. कामगार बाहेर पडले, मालकांनी दारे बंद केली, आणि शेवटी मंदीच्या दिवसांत पोटापुढे हार खाऊन लोक परत आले ते वाचकाशिवाय. माणसे पगारासाठी संप करतात हे आपण जाणतो. ही माणसे ऐकण्याच्या हक्कासाठी कामावरून उठली होती. लेक्तोराच्या जागी मग काय आले ठाऊक आहे? रेडिओ!

नभोवाणीच्या पुस्तिकेत हे लिहिताना मला थोडा संकोच वाटतो. रेडिओचा त्यात दोष नाही. क्यूबातल्या कारखान्यांत रेडिओ आला तरी लेक्तोर टिकला, दोघे शेजारी नांदले, आणि २०१२ साली त्या देशाने या वाचनाला राष्ट्राचा सांस्कृतिक वारसा म्हणून मान दिला. टँपात हरवले ते निराळेच. पुस्तक आपण निवडायचे, वाचकाला आपण पोसायचे, आणि नावडले तर तसे तोंडावर सांगायचे, ही मुखत्यारी गेली. त्या दिवसांची आठवण नीलो क्रूस या नाटककाराने २००२ साली आपल्या नाटकात जागविली. त्यात ईबोर सिटीचा लेक्तोर ‘अॅना कारेनिना’ वाचतो आणि ऐकणाऱ्यांची आयुष्ये ढवळून निघतात.

आणि हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देऊ नका. आपल्या केरळात, कण्णूरकडे, विडी कामगारांमध्ये एकजण वर्तमानपत्र वा पुस्तक वाची आणि त्याच्या वाट्याच्या विड्या इतर जण वळून देत. म्हणजे समुद्र वेगळा, पण तोड तीच.

तेव्हा वाचकहो, फडताळातले ते पुस्तक खाली काढा. तीनशे माणसे नकोत, एक स्नेही पुरे. रोज रात्री जेवणानंतर दहा पाने. एक दिवस त्याने वाचावे, एक दिवस तुम्ही. अडलं तर थांबा, भांडा, आणि पुन्हा वाचा. खूण शंभराव्या पानाच्या पुढे सरकते की नाही, ते पाहा.