अभिप्रायाची कुळकथा

पुस्तक वाचावे, ते कसे वाटले हे दुसऱ्याला सांगावे आणि त्या सांगण्यावरून दुसऱ्याने ते हाती घ्यावे की नाही हे ठरवावे, हा व्यवहार मराठीत फार तर पावणेदोनशे वर्षांचा आहे. त्याआधी ग्रंथ होते. पण वाचणारे थोडे आणि ऐकणारे पुष्कळ. देवळात किंवा वाड्याच्या ओसरीवर एक जण पोथी सांगे, बाकीचे श्रवण करीत. श्रोत्याने ग्रंथाला बरेवाईट म्हणण्याची रीत नव्हती. शंका विचारता येई, पण ती अर्थाविषयी. ग्रंथाच्या योग्यतेविषयी नव्हे.

काव्याची पारख होई ती पंडितांच्या आणि राजांच्या सभेत. यायावर कुळातल्या राजशेखराने इसवी सन ९००च्या सुमारास ‘काव्यमीमांसा’ लिहिली. कनोजच्या दरबारी असलेल्या या पंडिताचे घराणे मूळचे महाराष्ट्राशी नाते सांगणारे. काव्याची परीक्षा करणाऱ्यांचे त्याने चार प्रकार दिले आहेत. अरोचकीला काहीच रुचत नाही. सतृणाभ्यवहारी गवतासकट सगळे गिळतो, म्हणजे त्याला सगळेच आवडते. मत्सरी गुण दिसूनही कबूल करीत नाही. चौथा तत्त्वाभिनिवेशी, तो हजारांत एखादा. ही विभागणी आजच्या वाचकांनाही जशीच्या तशी लागू पडते. मात्र राजशेखरासमोर असलेला परीक्षक हा शास्त्र शिकलेला सभासद होता. घरी बसून पुस्तक वाचणारा आणि त्याविषयी मत असलेला सामान्य माणूस त्याच्या हिशेबात नव्हता.

असा माणूस छापखान्याने घडवला. पण छापखान्याच्या काळातल्या मराठी पुस्तकावर पहिला वजनदार अभिप्राय त्याचा नव्हता. तो सरकारी समितीचा होता. पेशवाईत श्रावणात पुण्याला ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमलात ती रक्कम आटत गेली, तिच्यातला काही भाग संस्कृत पाठशाळेकडे वळला. उरलेल्या रकमेतून मराठी पुस्तकांना उत्तेजन द्यावे, असा अर्ज १८४९मध्ये पुण्यातील सुधारक मंडळींनी केला. सनातन्यांनी त्याला कडवा विरोध केला, तरीही पुढे दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली. लेखकांनी हस्तलिखिते पाठवायची, सभासदांनी ती वाचायची आणि योग्य वाटल्यास इनाम द्यायचे, अशी तिची पद्धत. ग्राहक मोजके आणि छपाई महाग असण्याच्या त्या काळात समितीचा होकार म्हणजे पुस्तकाला जीवदान होते.

नकाराचा अर्थही तितकाच मोठा होता. जोतीराव फुले यांनी १८५५मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून या समितीकडे दिले. एका गरीब कुणबी जोडप्याची धर्माच्या नावाने होणारी लूट आणि शिक्षणाने उघडणारे त्यांचे डोळे हा त्याचा विषय. समितीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे चालले नाही आणि नाटक नापसंत झाले, असे फुल्यांनी १८७३च्या ‘गुलामगिरी’त नोंदवले आहे. नाटक वाचकांसमोर छापून आले ते १९७९मध्ये. चार माणसांच्या मतामुळे एक पुस्तक सव्वाशे वर्षे अडून राहिले. मराठी अभिप्रायाच्या इतिहासात ही घटना आरंभीच आहे आणि ती विसरता कामा नये, कारण मत देण्याचा अधिकार कोणाचा हा प्रश्न पुढे प्रत्येक टप्प्यावर पुन्हा उभा राहिला.

मत समितीच्या दप्तरातून बाहेर काढून छापील पानावर आणले ते मासिकांनी. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या संपादकत्वाखाली मुंबईत १८६७मध्ये ‘विविधज्ञानविस्तार’ निघाले आणि १९३७पर्यंत चालले. नव्या पुस्तकांचे गुणदोष सविस्तर सांगण्याची शिस्त या मासिकाने मराठीला लावली. जानेवारी १८७४मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली. चिपळूणकरांपुढे जॉन्सन आणि मेकॉले यांचा आदर्श होता, आणि मेकॉलेचे गाजलेले निबंध मुळात ‘एडिंबरो रिव्ह्यू’साठी लिहिलेली पुस्तकपरीक्षणेच होती. पुस्तक निमित्ताला घेऊन आपला पूर्ण विचार मांडायचा, ही रीत त्या वाटेने मराठीत आली. मालेत ग्रंथांवरील टीकेचे महत्त्व सांगणारे लेखन आहे, तसेच फुल्यांच्या ‘गुलामगिरी’वर चढवलेला हल्लाही आहे. चिपळूणकरांच्या गद्याची ताकद निर्विवाद आहे. पण फुल्यांचा ग्रंथ काय म्हणतो याकडे न वळता ते त्याच्या भाषेच्या अशुद्धतेवर तुटून पडले. पुस्तकाऐवजी लेखकाची पायरी तपासण्याची खोड मराठी परीक्षणाला इतक्या लवकर जडली.

मासिकांबरोबर एक व्यावहारिक रिवाजही रुजला. लेखक किंवा प्रकाशक पुस्तक संपादकाकडे धाडी. परीक्षणासाठी दोन प्रती पाठवाव्यात, असा दंडक पुढे रूढ झाला. एक प्रत परीक्षकाची, एक कचेरीची. सगळ्यांवर लिहायला जागा कोठून येणार? म्हणून उरलेल्या पुस्तकांची नावे, किंमत आणि पृष्ठसंख्या ‘साभार पोच’ या मथळ्याखाली येऊ लागली. हे सदर आज कोणी निरखून वाचत नाही, पण जुन्या मराठी पुस्तकांच्या अभ्यासकाला त्याचा मोठा आधार आहे. एकही प्रत न उरलेली कितीतरी पुस्तके एके काळी छापली गेली होती, याचा पुरावा त्या बारीक टायपातल्या ओळींतच सापडतो.

नेमलेला परीक्षक नसतानाही वाचलेल्या पुस्तकांवर बेधडक मत देणारी पहिली मोठी वाचक म्हणजे बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८२च्या ‘स्त्रीपुरुषतुलना’त त्यांनी समाजाबरोबर पुस्तकांचाही समाचार घेतला. ‘मुक्तामाला’, ‘मनोरमा’ यांसारख्या त्या काळच्या कादंबरी-नाटकांतल्या बायका आणि पुरुष त्यांनी तपासले आणि दुर्गुण तेवढे बायकांच्या पदरी टाकणाऱ्या लेखकांना जाब विचारला. त्यांची कसोटी साधी होती: पुस्तकात आहे ते जगात तसे घडते का? मराठी समीक्षेच्या इतिहासात हे पुस्तक क्वचितच मोजले जाते, ही त्या इतिहासाची उणीव आहे. प्रसिद्धीनंतर ताराबाईंवर टीका झाली. फुल्यांनी १८८५मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली, पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. त्याच १८८५ साली पुण्यात दुसरी ग्रंथकार सभा भरायची होती. न्यायमूर्ती रानडे यांनी दिलेले तिचे निमंत्रण फुल्यांनी पत्राने नाकारले आणि ते पत्र ‘ज्ञानोदया’त छापून आले. जे इतरांना माणुसकीचे हक्क देत नाहीत त्यांच्या ग्रंथांशी आमच्या भावनांचा मेळ बसणार नाही, हा त्याचा आशय. एका वाचकाने एका सबंध ग्रंथव्यवहारावर दिलेला तो अभिप्राय होता.

वाचक वाढले ते वाचनालयांमुळे. आरंभीच्या ‘नेटिव्ह जनरल लायब्रऱ्या’ वर्गणीदार प्रतिष्ठितांच्या होत्या. मराठी ग्रंथांसाठीच काढलेली संग्रहालये ठाण्यात १८९३मध्ये आणि मुंबईत १८९८मध्ये उभी राहिली. काउंटरवर पुस्तक परत करताना ‘कसे आहे?’ असे विचारले जाऊ लागले, आणि समासात पेन्सिलीने शेरे उमटू लागले. नियमांत मनाई असूनही ते थांबले नाहीत. छापील जागा न मिळालेल्या वाचकाने ती पुस्तकातच शोधली.

विसाव्या शतकात परीक्षणाचे शास्त्र पक्के होत गेले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून सुरू झालेली ही परंपरा ‘सत्यकथा’ आणि वसंत दावतर यांचे ‘आलोचना’ या नियतकालिकांपर्यंत पोचली. तिची भाषा जसजशी काटेकोर झाली तसतसा सामान्य वाचक तिच्यापासून दुरावला. जानेवारी १९६४मध्ये मॅजेस्टिक प्रकाशनाचे केशवराव कोठावळे यांनी ‘ललित’ मासिक काढले ते या दुराव्यावर उपाय म्हणूनच शोभावे असे. कोणते पुस्तक येते आहे, कोणता लेखक काय लिहितो आहे, अशा ग्रंथगप्पांना तिथे हक्काचे घर मिळाले. ‘ठणठणपाळ’ या नावाने जयवंत दळवींनी लिहिलेले सदर त्यातलेच. गोविंद तळवलकर यांच्या ‘वाचता वाचता’मधील लेख वेगळ्या जातीचे: हाती असलेल्या पुस्तकांविषयी एक व्यासंगी संपादक वाचकाशी बरोबरीच्या नात्याने बोलतो.

याच सुमारास पत्रांतूनही पुस्तकांची देवघेव चालली होती. धारवाडला राहणारे कथाकार जी. ए. कुलकर्णी माणसांत फारसे मिसळत नसत, पण पत्रांत सुनीताबाई देशपांडे यांच्याशी वाचलेल्या पुस्तकांविषयी मोकळेपणाने लिहीत. जी. एं.ची पत्रे त्यांच्या निधनानंतर, सुनीताबाईंची ‘प्रिय जी. ए.’मध्ये, छापून आली. दोन वाचक एकमेकांना काहीही सिद्ध करून दाखवायचे नसताना किती खोल जातात, हे समजायला या पत्रांइतका चांगला पुरावा मराठीत दुसरा नाही.

वाचकाला मत देणारा म्हणून संघटित करण्याचे काम दिनकर गांगल आणि सहकाऱ्यांच्या ‘ग्रंथाली’ने १९७०च्या दशकात हाती घेतले. तिने स्वतःला प्रकाशन संस्था न म्हणता वाचक चळवळ म्हटले. सभासदांना सवलतीत पुस्तके, गावोगावी प्रदर्शने आणि लेखक-वाचक भेटी हा तिचा कार्यक्रम. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण मानेंचे ‘उपरा’ (१९८०) ही दलित-भटक्या समाजांतील आत्मकथने तिनेच काढली. या पुस्तकांवर पु. ल. देशपांडे यांच्यासारख्यांनी लिहिलेच, शिवाय आपले आयुष्य प्रथमच छापील पानावर पाहणाऱ्या वाचकांनीही मत दिले. भाषा शुद्ध आहे का, हा चिपळूणकरी प्रश्न इथे मागे पडला.

आता १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, राज्यातील शाळांत वाचन प्रेरणा दिन पाळला जातो आणि मुले वाचलेल्या पुस्तकाविषयी वर्गासमोर उभी राहून बोलतात. महाबळेश्वरजवळच्या भिलारमध्ये २०१७पासून घराघरांत पुस्तके मांडलेली आहेत. येणारा कोणीही ती मांडीवर घेऊन वाचतो.