माणसाची शिवी, कुत्र्याच्या गळ्यात

इंग्रजी अमदानीत आपल्या रस्त्यांवरच्या बेवारस कुत्र्याला साहेब लोक ‘पारिया डॉग’ म्हणत. ऐकणाऱ्यास वाटावे, ही कुत्र्याची एखादी जात असेल. वस्तुतः ते माणसांच्या एका जातीचे नाव आहे.

तमिळ भाषेत ‘परै’ म्हणजे एक चर्मवाद्य. ते वाजविणारे ते ‘परैयर’, अशी व्युत्पत्ती बहुतेक अभ्यासक मानतात. वाद्याच्या नावात हीनता नव्हती. ती अस्पृश्यतेने चिकटविली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हा शब्द टिपला, पुढे तो इंग्रजीत गेला आणि युरोपभर ‘बहिष्कृत’ या अर्थाने रूढ झाला. यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात पारिया कुत्रा आहे, पारिया घार आहे, पारिया दारूही आहे. जे जे हलके, त्याला या माणसांचे नाव!

या पापात ख्रिस्तसभेचा वाटा नाही असे आम्हांस म्हणता येत नाही. सतराव्या शतकातील मदुराई मिशनमध्ये उच्चवर्णीयांसाठी व परैयरांसाठी वेगवेगळे धर्मगुरू होते. परैयर रुग्णाच्या घरात पाऊल टाकून संस्कार देण्याससुद्धा काही मिशनरी कचरत. १७०४ साली पोपचे प्रतिनिधी द तूर्नों यांना पुदुच्चेरी येथे हुकूम काढून त्यांस बजवावे लागले. ज्या प्रभूने कुष्ठरोग्याला स्पर्श केला, त्याच्या सेवकांना हा हुकूम लागावा!

१८९३ साली रेट्टमलै श्रीनिवासन यांनी एक तमिळ नियतकालिक काढले आणि त्याला नाव दिले ‘परैयन’. जो शब्द इतरांनी चिखलात फेकला, तो त्यांनी उचलून मस्तकी धारण केला. पुढे गोलमेज परिषदेत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत बसले.

संत मार्कच्या सातव्या अध्यायातील सिरियाफिनिशियन स्त्री आम्हांस येथे आठवते. तिच्यापुढेही कुत्र्याचाच शब्द आला होता. तिने तो नाकारला नाही. त्यातूनच तिने आपला हक्क मांडला, आणि प्रभूने तिच्या उत्तरासाठी तिची लेक बरी केली.

अलीकडे या कुत्र्याला ‘देशी’, ‘इंडी’ म्हणू लागले आहेत, हे बरे झाले. कुत्र्याची त्या नावातून सुटका होत आहे. जातीच्या नावाने माणसाला हिणविणारी जीभ मात्र अजून आपल्याच तोंडात आहे. त्याच जिभेवर आपण ख्रिस्तशरीर स्वीकारतो.