सहाव्या पेठेचे संग्रहालय

संग्रहालय म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे तलवारी, नाणी, ताम्रपट आणि काचेच्या कपाटावरची "हात लावू नये" ही पाटी येते. आपल्या लोकांनी त्याला अजबखाना हे नाव दिले ते उगाच नव्हे. अजब वस्तू पाहावी, थक्क व्हावे आणि घरी जावे. पाहणाऱ्यानेही काही सांगावे अशी तेथे कोणाची अपेक्षा नसते. आज आम्ही ज्या संग्रहालयाची हकीकत सांगणार आहोत, तेथे रीत उलटी आहे. तेथे आलेला माणूस सांगतो आणि संग्रहालय ऐकून घेते. ते आहे दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहरी. त्याचे नाव डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम.

केपटाऊनच्या नगरपालिकेने शहराचे विभाग पाडले, त्यांत १८६७ साली या वस्तीला सहावा क्रमांक मिळाला. आपण तिला सहावी पेठ म्हणू. बंदर जवळ, बाजार जवळ. त्यामुळे गोदीतले मजूर, शिंपी, धोबिणी, फेरीवाले आणि लहान दुकानदार येथे दाटीवाटीने राहत. गुलामगिरीतून सुटलेल्यांची मुलेनातवंडे येथे होती, युरोपातून आलेले ज्यू होते, मुसलमान होते, ख्रिस्ती होते. आणि आपले कोकणीही होते! रत्नागिरी-कुलाबा भागांतले कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पोटासाठी केपटाऊनला गेले. त्यांतल्या कित्येकांनी या बाजूला किराणा मालाची दुकाने घातली आणि आपली बोली घरात जपली.

पेठ श्रीमंत नव्हती. घरे जुनी, माणसे फार, आणि भाडे घेणारा मालक डागडुजीला पैसा काढीत नसे. सरकारने याच गोष्टीवर बोट ठेवले. गोऱ्या सत्ताधाऱ्यांनी १९५० साली कायदा करून कोणत्या रंगाच्या माणसाने कोठे राहावे हे ठरविण्याचा अधिकार आपल्याकडे घेतला होता. त्या कायद्याखाली ११ फेब्रुवारी १९६६ रोजी सहावी पेठ केवळ गोऱ्यांसाठी राखीव झाल्याचे जाहीर झाले. पुढच्या पंधरासोळा वर्षांत साठ हजारांहून अधिक माणसे उठविली गेली आणि शहराबाहेरच्या रेताड सपाटीवर, कामाधंद्यापासून कोसांवर, नेऊन टाकली गेली. तीही एकत्र नव्हे. रंगाप्रमाणे निरनिराळ्या वसाहतींत वाटणी झाली आणि भिंतीला भिंत लावून राहिलेले शेजारी कायमचे दुरावले. मागून बुलडोझर आले. मशिदी आणि चर्च तेवढी उभी राहिली. गंमत अशी की, एवढा खटाटोप करूनही त्या जमिनीचा मोठा भाग पुढे वर्षानुवर्षे ओसाडच राहिला.

१९८७ साली तेथे नवी बांधकामे करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा जुने रहिवासी आणि कार्यकर्ते विरोधाला उभे राहिले. त्या चळवळीतूनच संग्रहालयाची कल्पना निघाली आणि १९८९ मध्ये त्यासाठी संस्था स्थापन झाली. वर्णद्वेषी राजवट संपल्यावर, १० डिसेंबर १९९४ रोजी, एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये पेठेतील रस्त्यांवर एक प्रदर्शन मांडले गेले. ते थोडे आठवडे चालायचे होते. पण लोक येतच राहिले, आणि ते बंद करण्याची कोणाची छाती झाली नाही.

लोक येऊन काय करीत? चर्चच्या जमिनीवर सबंध पेठेचा एक भलामोठा नकाशा रंगवून अंथरला होता. जुना रहिवासी आला की वाकून आपली गल्ली शोधी आणि तेथे आपल्या हाताने आपले नाव लिही. कोणी घराची जागा दाखवी, कोणी दुकानाची. एका बाजूला पांढरे कापड ठेवलेले असे. त्यावर लोक आठवणी लिहीत आणि मग ती अक्षरे दोऱ्याने भरली जात. ते कापड वाढत वाढत एक किलोमीटरच्या वर गेले. पाडकामावरच्या एका माणसाने रस्त्यांच्या नावांच्या पाट्या फेकून न देता लपवून ठेवल्या होत्या. त्याही बाहेर आल्या आणि वर टांगल्या गेल्या.

पुढे संग्रहालयाने या येण्याजाण्याला रीतसर कार्यक्रमांचे रूप दिले. वृद्ध रहिवाशांच्या बैठका भरतात. त्यांत घरच्या पाककृती सांगितल्या गेल्या, कापडावर भरल्या गेल्या आणि २०१६ साली पुस्तकरूपाने छापल्या गेल्या. पाहुण्यांना माहिती सांगायला जुने रहिवासीच उभे राहतात. त्यांतले नूर इब्राहीम आपल्या कबुतरांची गोष्ट सांगत. नव्या घरून त्यांनी कबुतरे सोडली, ती परतलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी पाहतात तो पाडलेल्या घराच्या जागेवर सगळी गोळा झालेली! दरसाल ११ फेब्रुवारीला माणसे पेठेतून चालत जातात आणि दगडांच्या राशीवर आपापला दगड ठेवतात.

कोणी म्हणेल, हे सारे ठीक; पण आठवणींनी घर मिळते काय? कामगार संघटनेत आयुष्य घालविल्यामुळे हा प्रश्न आम्हांला नवा नाही. कारखाना बंद पडतो तेव्हा आधी मस्टर गहाळ होते. फंड आणि ग्रॅच्युइटी मागायला गेले की पुरावा मागतात. अशा वेळी जुने कामगार युनियनच्या कचेरीत एकत्र बसवावे लागतात. कोण कोणत्या साच्यावर, कोणत्या पाळीत होता, हे एकाला आठवत नाही ते दुसऱ्याला आठवते. आणि चार जणांच्या तोंडून जुळलेली हकीकत कागदावर उतरते. एकट्याची आठवण म्हातारपणाची बडबड ठरते, चौघांची आठवण साक्ष होते.

केपटाऊनला हेच घडले. १९९४ च्या कायद्याने हिरावलेल्या जमिनीवर दावा सांगण्याचा हक्क दिला. या पेठेला त्यातून वगळावे असा प्रयत्न झाला, तेव्हा १९९७ साली जमीन-हक्क न्यायालयाची बैठक याच संग्रहालयात भरली. खुर्च्या मांडल्या गेल्या त्या नकाशावरच. ज्यांनी आपल्या हाताने नावे लिहिली होती, ते आपल्याच गल्ल्यांवर बसून आपला दावा ऐकत होते. पुढे ११ फेब्रुवारी २००४ रोजी, म्हणजे बरोबर अडतीस वर्षांनी, नेल्सन मंडेला यांच्या हस्ते पहिल्या दोन परतलेल्या वृद्धांना घराच्या किल्ल्या मिळाल्या. दोघांनीही वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती.

यावरून सर्व गोड झाले असे मात्र कोणी समजू नये. घरे अतिशय सावकाश बांधली गेली. दावेदारांच्या समितीला २०१८ साली पुन्हा सरकारविरुद्ध न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि किती तरी म्हातारी माणसे वाट पाहता पाहता गेली. संग्रहालय घरे बांधू शकत नाही. परंतु मागणारा कोण आणि तो कोठला, हे विसरू न देणे त्याच्या हातात असते.

आपल्या गावीही संग्रहालय असेल, नसल्यास वाचनालयाची एखादी खोली तरी असेलच. तलवारी तेथे खुशाल राहू द्याव्यात. पण वर्षातून एक दिवस गावचा जुना नकाशा जमिनीवर अंथरावा, आणि विणकर, हमाल, मोलकरणी, गिरणीतून निवृत्त झालेली माणसे यांना बोलावून त्यांच्या हाती लेखणी द्यावी. याला खर्च थोडा आहे. मात्र बोलावण्यास उशीर करू नये, कारण ज्यांना आळी-गल्ल्यांची नावे पाठ आहेत, ते दरसाल कमी होत आहेत.