सोलापूरच्या पूर्व भागातले तेलुगू विणकर

सोलापुरातल्या भवानी पेठेत आणि तिच्या आसपासच्या पेठांत, वस्त्यांत हजारो घरांची बोली तेलुगू आहे. शहरात या पट्ट्याला ‘पूर्व भाग’ म्हणतात. यातली बहुतेक कुटुंबे पद्मशाली, म्हणजे विणकर. त्यांचे मूळ तेलंगणातले, जुन्या निजामी राज्यातल्या करीमनगर, वरंगळ, नलगोंडा, महबूबनगर या जिल्ह्यांतले.

गिरणीच्या स्वस्त कापडाने गावच्या मागाची कमाई आटत गेली आणि दुष्काळाने उरलेला आधार काढून घेतला. याच काळात सोलापूरची वाट सोपी झाली. १८६० मध्ये मुंबईकडून रेल्वे सोलापुरात पोचली. १८७४ मध्ये वाडी ते सिकंदराबाद लोहमार्ग सुरू झाल्यावर तेलंगणही त्याच वाटेवर आले. १८७६-७८ चा दुष्काळ चालू असतानाच, १८७७ मध्ये, शहरात पहिली कापडगिरणी उभी राहिली. गिरण्यांमुळे सूत शहरातच मिळू लागले आणि दख्खनच्या खेड्यांत हातमागाच्या लुगड्यांना गिऱ्हाईक होतेच.

नवख्या विणकराला शहरात पहिला आसरा मिळे तो कारखानदाराकडे. कारखाना म्हणजे मोठे घर किंवा वाडा: एका बाजूला माग, त्याच छपराखाली विणकरांचे संसार. कारखानदारही बहुधा त्याच जातीचा, त्याच भाषेचा. तो राहायला जागा आणि हातात उचल देई. ती फिटेपर्यंत विणकराला दुसरीकडे जाता येत नसे. पुरुष मागावर बसे, बायका-मुले सूत उकलून कांड्या भरत. नव्या मुलखात रुळण्याचा हा मार्ग सोपा होता, पण कर्जाने बांधलेला होता.

यामुळेच भाषेला घरात धक्का लागला नाही. काम, शेजार आणि सोयरीक तिन्ही तेलुगूतच होती. बाजार, कचेरी आणि शाळेसाठी मात्र मराठी लागे आणि सोलापूर सीमेलगतचे असल्याने कन्नडही कानावर पडे. नावांतही मराठीची छाप दिसते. तेलुगू रीतीत घराण्याचे नाव आधी आणि माणसाचे नंतर. सोलापूरच्या कागदपत्रांत आडनाव मराठी पद्धतीने शेवटी गेले. सणवार मात्र टिकले. नारळी पौर्णिमेला पद्मशालींचे मूळपुरुष मानलेल्या मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, त्या दिवशी नवे जानवे घालतात. नवरात्राच्या सुमारास बायका फुलांची बतुकम्मा मांडतात.

पुढच्या पिढ्यांनी मराठीत केवळ व्यवहार केला नाही, तर लेखनही केले. मातृभाषा तेलुगू असलेले लक्ष्मीनारायण बोल्ली मराठीत कवी-लेखक म्हणून ओळखले गेले. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘एका साळियाने’ असे आहे. १९८० ते १९९६ या काळात सोलापुरातून लोकसभेवर गेलेले गंगाधर कुचन, धर्मण्णा सादूल आणि लिंगराज वल्याळ हे तिघेही याच समाजातले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. लुगड्यांऐवजी जेकार्डची चादर आणि टेरी टॉवेल ही शहराची ओळख झाली. यंत्रमागाला बाईच्या हाताची पूर्वीइतकी गरज उरली नाही आणि एकट्या पुरुषाच्या मजुरीत घर भागत नव्हते. ती उणीव विडीने भरून काढली. विडी कारखान्यातून पान-तंबाखू आणायची, घरी विड्या वळायच्या आणि हजारावर मजुरी घ्यायची, हा पूर्व भागातल्या बायकांचा नित्यक्रम झाला. माग गेला तरी घर हीच कामाची जागा राहिली. त्यामुळे दाटीवाटीच्या भाड्याच्या खोल्यांत काम आणि संसार या दोहोंसाठी जागा पुरेना आणि हक्काच्या घराची मागणी कामगार चळवळीत पुढे आली.

कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने शहराबाहेर कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. त्याच परिसरातल्या रे नगर प्रकल्पात तीस हजार घरे ठरली. १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्यातली पहिली पंधरा हजार घरे विडी कामगार, यंत्रमाग कामगार आणि इतर असंघटित मजुरांना देण्यात आली.