शिवणयंत्र ते बिटकॉइन-यंत्र: उशिरा आलेला माल आणि परत मागितलेले पैसे

मद्रास प्रांतातल्या एका शिंप्याची गोष्ट कायद्याच्या विद्यार्थ्यांना पहिल्या-दुसऱ्या वर्षीच भेटते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला ती सहसा येत नाही, आणि ती यायला हवी असे मला वाटते. या शिंप्याने आपले शिवणयंत्र आणि कापडाचे गाठोडे मद्रास रेल्वे कंपनीच्या हवाली केले. एका गावी उत्सव होता. सणासुदीला कपडे शिवून घेणारे पुष्कळ, म्हणून चार पैसे जास्त मिळतील हा त्याचा हिशोब. रेल्वेच्या चुकीमुळे सामान उशिरा पोचले आणि तोवर उत्सव आटोपला होता. शिंप्याने बुडालेला नफा आणि जाण्यायेण्याचा खर्च मागितला. १८९८ साली मद्रास उच्च न्यायालयाने ‘मद्रास रेल्वे कंपनी विरुद्ध गोविंद राव’ या खटल्यात ती मागणी नाकारली. कारण एवढेच, की हे यंत्र उत्सवासाठी चालले आहे हे रेल्वेला कोणी सांगितले नव्हते.

निकाल कठोर वाटतो, पण त्यामागचे तत्त्व समजून घ्या. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचे ७३ वे कलम सांगते, की करार मोडल्यावर जे नुकसान स्वाभाविकपणे होते, किंवा करार करताना दोन्ही बाजूंना जे ठाऊक होते, त्याचीच भरपाई मिळेल. दूरचे, आडवळणाने झालेले नुकसान मिळणार नाही. या कलमाचे मूळ इंग्लंडमधल्या १८५४ च्या हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल या खटल्यात आहे. तिथेही गोष्ट यंत्राचीच होती. ग्लॉस्टर गावच्या पिठाच्या गिरणीचा दांडा मोडला, नवा करून घेण्यासाठी तो नमुना म्हणून पाठवला, वाहतूकदाराने उशीर केला आणि तोवर गिरणी बंद राहिली. गिरणीमालकाला बुडालेला नफा मिळाला नाही. आपल्या कलमाखाली दिलेल्या उदाहरणांत मात्र उलटी बाजूही आहे: यंत्रावाचून गिरणी थांबली आहे असे वाहतूकदाराला बजावून सांगितले असेल, तर त्या दिवसांचा सरासरी नफा मागता येतो.

म्हणजे सगळा प्रश्न ‘कोणाला काय ठाऊक होते’ या एका मुद्द्यावर येऊन ठेपतो. हा मुद्दा हाताशी ठेवा, पुढे लागणार आहे.

शिंप्याच्या गोष्टीत यंत्र त्याचेच होते, फक्त वाटेत अडकले होते. स्वातंत्र्यानंतरच्या भारतात वेगळीच परिस्थिती उभी राहिली: माल अजून तयारच नाही, पैसे मात्र आधी भरायचे. परवाना-राजच्या काळात कारखान्याने किती स्कूटर काढायच्या हे सरकार ठरवी. पुण्याजवळ आकुर्डीला तयार होणाऱ्या बजाज स्कूटरसाठी दहा-दहा वर्षे थांबावे लागे. स्कूटरच्या वाटपावर १९६० च्या नियंत्रण आदेशाचे बंधन होते. मुलगी लहान असतानाच जावयासाठी स्कूटर नोंदवून ठेवत, असे आमच्या घरातली मोठी माणसे सांगत. त्यात विनोद किती आणि खरे किती, कोण जाणे.

पण या रांगेकडे नीट पाहा. लोक चिडत, तरी नोंदणी सोडत नसत. कारण थांबण्याने वस्तूचे मोल कमी होत नव्हते; उलट नंबर लागलेली स्कूटर शोरूमच्या बाहेरच वरचे पैसे घेऊन विकता येई. नोंदणीची पावती हीच एक मालमत्ता झाली होती. नोंदणीची अनामतही काही काळ टपाल बचत खात्यात ठेवायची पद्धत होती, म्हणजे उत्पादकाला ती खर्च करता येत नसे. ही बारीक गोष्ट माझ्या मते फार महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही.

मारुतीच्या इतिहासात ही भिंत पडलेली दिसते. १९७१ साली संजय गांधींनी काढलेल्या मारुती लिमिटेडने विक्रेत्यांकडून आगाऊ अनामती घेतल्या. लोकांची गाडी काही बाजारात आली नाही. १९७७ च्या सत्तांतरानंतर कंपनी बुडाली आणि तिच्या कारभाराची चौकशी न्या. गुप्ता आयोगाने केली. पुढे सरकारी मारुती उद्योगाने १९८३ मध्ये १०,००० रुपये घेऊन नोंदणी उघडली, तेव्हा लाखाहून जास्त लोकांनी पैसे भरले. नवी गाडी जन्माला येण्याआधीच तिच्या ग्राहकांनी कारखान्याला भांडवल पुरवले होते. २००९ मध्ये टाटा नॅनोच्या वेळी हेच पुन्हा घडले: सिंगूरहून कारखाना साणंदला हलवावा लागला, दोन लाखांवर नोंदण्या आल्या आणि पहिल्या एक लाख ग्राहकांची निवड सोडतीने झाली. फरक असा, की ज्यांना वर्षाहून जास्त थांबायचे होते त्यांच्या पैशांवर कंपनीने व्याज देऊ केले.

कायद्याने या पैशांना नाव दिले ते बरेच उशिरा. २०१४ च्या कंपनी ठेव नियमांनुसार मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत त्या मालापोटी जमा झाली नाही, तर ती ‘ठेव’ समजली जाते. म्हणजे वर्षभरानंतर ग्राहक हा ग्राहक न राहता कंपनीला कर्ज देणारा ठरतो. व्यवहारात तो पहिल्या दिवसापासूनच तसा असतो, हे नोंदणी केलेल्या कोणालाही विचारा.

तमिळनाडूतले ताजे उदाहरण कृष्णगिरी जिल्ह्यातले आहे. तिथल्या ओला इलेक्ट्रिकच्या कारखान्यासाठी जुलै २०२१ मध्ये ४९९ रुपयांत नोंदणी सुरू झाली आणि एका दिवसात आकडा लाखावर गेला. स्कूटर ऑक्टोबरमध्ये मिळायच्या होत्या. चिपच्या तुटवड्याचे कारण देत तारीख पुढे ढकलली गेली आणि डिसेंबरच्या मध्याला चेन्नई व बेंगळुरू इथे पहिल्या गाड्या दिल्या गेल्या. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला नोटीस काढली. वर्षभरात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आलेल्या १०,६४४ तक्रारींचा तिला आधार होता, आणि त्यांत नवी गाडी मिळायला उशीर झाल्याच्या तक्रारीही होत्या. बहुतेक तक्रारी सोडवल्या आहेत असे कंपनीचे उत्तर होते. स्कूटर दोन महिने उशिरा आली तरी ती स्कूटरच असते. ऑक्टोबरमध्ये जितके किलोमीटर धावली असती तितकेच डिसेंबरमध्ये धावते.

बिटकॉइनच्या यंत्राचे तसे नाही.

बिटकॉइनचे ‘खाणकाम’ म्हणजे एक सतत चालणारी शर्यत. जगभरची यंत्रे एक गणिती कोडे सोडवत असतात, सरासरी दर दहा मिनिटांनी एकाला यश येते आणि त्याला ठरावीक नाणी मिळतात. २०१३ मध्ये हे बक्षीस २५ बिटकॉइन होते. यंत्रे वाढली की कोडे आपोआप अवघड होते. दर २,०१६ गठ्ठ्यांनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, काठिण्याचा आकडा नव्याने ठरतो. एकूण मिळकत ठरलेली, वाटेकरी मात्र वाढत जाणारे. तेव्हा यंत्र किती वेगवान आहे एवढ्यावर भागत नाही, ते इतरांच्या आधी आले की नंतर यावर सगळे अवलंबून असते.

जानेवारी २०१३ मध्ये काठिण्याचा आकडा ३० लाखांच्या आसपास होता. डिसेंबरअखेर तो सुमारे ११८ कोटी झाला. खास याच कामासाठी घडवलेल्या चिपा त्या वर्षी पहिल्यांदा बाजारात आल्या, त्याचा हा परिणाम. सेकंदाला ६० अब्ज प्रयत्न करणारे यंत्र जानेवारीच्या आकड्याने दिवसाला सुमारे १० बिटकॉइन मिळवू शकले असते. तेच यंत्र डिसेंबरअखेर जोडले तर सुमारे ०.०२६. बिटकॉइनचा भाव त्याच काळात १३ डॉलरवरून साधारण ७५० वर गेला, हे धरूनही रोजची कमाई सुमारे १३० डॉलरवरून २० डॉलरच्या खाली येते, आणि त्यातून विजेचे बिल वजा करायचे. विद्यार्थ्यांनी हा हिशोब स्वतः करून पाहावा. प्रयत्नांची संख्या गुणिले दिवसाचे ८६,४०० सेकंद गुणिले २५. त्याला काठिण्य गुणिले २ चा ३२ वा घात याने भागायचे.

अशी यंत्रे विकणाऱ्यांत अमेरिकेतली कॅन्सस राज्यातली बटरफ्लाय लॅब्स ही कंपनी आघाडीवर होती. जून २०१२ पासून तिने पूर्ण पैसे आधी घेऊन मागण्या नोंदवल्या. तारखा पुढे सरकत गेल्या. फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या सरकारी आयोगाने सप्टेंबर २०१४ मध्ये कारवाई केली तेव्हा सांगितले, की सप्टेंबर २०१३ पर्यंत वीस हजारांहून अधिक ग्राहकांना यंत्रे मिळाली नव्हती. ग्राहकांसाठी तयार केलेली यंत्रे कंपनी आधी स्वतःच्या नाण्यांसाठी चालवत होती, असाही आयोगाचा आरोप होता. तो वाचून मला मद्रासचा शिंपी आठवला: जणू रेल्वेनेच त्याच्या यंत्रावर उत्सवाचे कपडे शिवून घेतले. फेब्रुवारी २०१६ मध्ये तडजोड झाली आणि तयार नसलेल्या खाणकाम-यंत्रांसाठी आगाऊ पैसे घेण्यास कंपनीला मनाई झाली. हॅशफास्ट आणि कॉइनटेरा या दुसऱ्या दोन अमेरिकी कंपन्या आधीच दिवाळखोरीच्या न्यायालयात पोचल्या होत्या.

आता हाताशी ठेवलेला मुद्दा काढू. शिंप्याचा दावा पडला, कारण उत्सवाची कल्पना रेल्वेला नव्हती. खाणकाम-यंत्र विकणाऱ्याला अशी सबब कुठून मिळणार? त्या यंत्राचा दुसरा उपयोगच नाही. त्याची तर जाहिरातच कमाईच्या वेगावर चालते. उशीर म्हणजे काय, हे ग्राहकाइतकेच विक्रेत्याला ठाऊक असते. माझे मत विचाराल तर ७३ व्या कलमाची कसोटी इथे ग्राहकाच्या बाजूने झुकते. अडचण पुढे येते. विक्रेते तारीख ‘अंदाजे’ म्हणून देतात, बारीक अक्षरांत परतावा नाकारतात, आणि बुडालेला नफा मोजायचा तरी कोणत्या दिवसाच्या भावाने?

आपल्याकडे आणखी एक अडसर आहे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा व्यापारी हेतूने माल घेणाऱ्याला ‘ग्राहक’ मानत नव्हता. स्वतः राबून उपजीविका करणाऱ्यासाठी तेवढी सवलत होती. १९९५ चा लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सचा खटला इथे बरोबर लागू पडतो. कोइम्बतूरच्या पी.एस.जी. संस्थेकडून मागवलेले यंत्र उशिरा आणि सदोष आले. महाराष्ट्राच्या राज्य आयोगाने भरपाई दिली. राष्ट्रीय आयोगाने हेतू व्यापारी ठरवून ती काढून घेतली आणि सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केले. घराच्या गच्चीवर एक यंत्र लावणारा तरुण यातला कोण? २०१९ च्या नव्या कायद्यातही ही रेघ तशीच आहे.

मग परतावा. १९३० चा मालविक्री कायदा ६१ व्या कलमात सांगतो, की विक्रेत्याने करार मोडला तर परत मिळणाऱ्या किमतीवर, ती भरल्याच्या तारखेपासून, न्यायालय व्याज देऊ शकते. रुपयासाठी हे पुरेसे आहे. पण किंमत बिटकॉइनमध्ये भरली असेल तर? १,३०० डॉलरच्या यंत्रासाठी जानेवारी २०१३ मध्ये सुमारे १०० बिटकॉइन मोजावे लागत. डिसेंबरअखेर तेवढेच डॉलर परत मिळाले, तर त्यात पावणेदोन बिटकॉइनही येत नव्हते. विक्रेता म्हणे, किंमत डॉलरमध्ये होती. ग्राहक म्हणे, मी दिले तेच परत द्या. हॅशफास्टच्या ग्राहकांचे भांडण मुख्यतः हेच होते.

पुण्यात तर यंत्रही नव्हते. गेनबिटकॉइन योजनेत लोकांनी बिटकॉइन दिले ते खाणकामाच्या करारावर: १८ महिने, दर महिन्याला १० टक्के. २०१७ मध्ये परतावा बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाच्या, योजनेच्याच दुसऱ्या नाण्यात मिळू लागला आणि त्याचा भाव कोसळला. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी प्रवर्तकाला अटक केली. २०२२ मध्ये तो मरण पावला. देशभरातले गुन्हे पुढे सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयकडे सोपवले.

मद्रास उच्च न्यायालयाकडे हा विषय ऑक्टोबर २०२५ मध्ये वेगळ्या वाटेने परतला. चेन्नईच्या एका महिलेने जानेवारी २०२४ मध्ये वझीरएक्सवर १,९८,५१६ रुपयांची ३,५३२.३० एक्सआरपी नाणी घेतली होती. जुलै २०२४ मध्ये दुसऱ्या प्रकारच्या नाण्यांवर सायबर दरोडा पडला आणि सगळ्यांचीच खाती गोठवली गेली. न्या. एन. आनंद वेंकटेश यांनी म्हटले, की आभासी चलन ही मालमत्ता आहे, ती विश्वस्त म्हणून सांभाळता येते, आणि जी नाणी चोरीला गेलीच नाहीत त्यांचा तोटा या ग्राहकावर टाकता येणार नाही. लवादाचा निकाल लागेपर्यंत कंपनीने सुमारे साडेनऊ लाख रुपयांची हमी द्यावी, असे ठरले. बाईंनी भरलेल्या दोन लाखांवर न थांबता, नाण्यांच्या वाढलेल्या भावावर हा आकडा काढलेला आहे. आदेश अंतरिम आहे. मूळ वाद लवादापुढे.