समुद्रात फेकलेल्यांचा रॅप
रॅप म्हणजे नुसता मीपणा, असं काही साथी म्हणतात. त्यांना आम्ही 'क्लिपिंग' ऐकवतो. 2009 साली लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हटसन आणि जोनाथन स्नाइप्स यांनी हा गट सुरू केला. डेव्हीड डिग्ज नंतर आले. सुरावटीच्या जागी कर्कश गोंगाट, आणि डिग्जच्या शब्दांत 'मी' जवळजवळ नाहीच. (आत्मकथनांवर वाढलेल्या आम्हाला ते आधी खटकलं.)

2016 साली डिग्जनी 'हॅमिल्टन'मध्ये गुलामांचा मालक जेफरसन रंगवून टोनी पुरस्कार मिळवला. त्याच वर्षी 'स्प्लेंडर अँड मिझरी'चा नायक मात्र अवकाशयानातल्या बंडात वाचलेला गुलाम! 2017 च्या 'द डीप'मध्ये गुलामांच्या जहाजांवरून फेकलेल्या गरोदर बायांची लेकरं समुद्रतळाशी जगतात. मूळ कल्पना डेट्रॉइटच्या ड्रेक्सियाची. 2019 मध्ये रिव्हर्स सॉलोमन यांनी तिच्यावर लघुकादंबरी लिहिली. जहाजाच्या वहीत ज्यांची नोंद माल म्हणून झाली, त्यांचा इतिहास दुसरा कसा लिहायचा?