निळ्याच्या पोटातला काळा

निळी शाई म्हणजे एकच निळी, असं ज्यांना वाटतं त्यांनी आयुष्यभर बॉलपेनच वापरलेलं असतं. फाउंटन पेनवाल्यांच्या जगात निळ्यालाही घराणी आहेत. रॉयल ब्लू हा शाळेच्या वहीतला, किंचित जांभळ्याकडे झुकणारा. देखणा खरा, पण पाण्याचा थेंब पडला की अक्षर गेलंच. टर्कॉईज मोरपंखी. पाकिटावरचा पत्ता लिहायला मजा येते, पण पानभर वाचायचं म्हटलं की डोळे थकतात. आणि तिसरा ब्लू-ब्लॅक. माझं मत त्याला. का, याचं अर्धं उत्तर रसायनशास्त्रात आहे आणि अर्धं पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात.

आधी रसायन. जुन्या पद्धतीची ब्लू-ब्लॅक शाई दोन गोष्टींवर चालते, हिराकस आणि टॅनिन. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार, आणि टॅनिन म्हणजे झाडांच्या साली-फळांतला तुरटपणा. दोन्ही पाण्यात एकत्र आली की ताजी शाई इतकी फिकट असते की आपण काय लिहितोय तेच नीट दिसत नाही. म्हणून तिच्यात निळा रंग घालायचा. हा निळा फक्त लिहिण्यापुरता. कागदावर हवा लागली की लोह गंजतं, टॅनिनला धरून काळं होतं आणि धाग्यांत घट्ट बसतं. काही दशकांनी निळा उडून जातो, काळा राहतो. ब्रिटनमध्ये जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदवह्यांसाठी अशीच शाई ठरवून दिलेली होती, ती याचमुळे.

तो निळाही आपल्या ओळखीचा आहे. जर्मनीत लिओनहार्डी यांनी १८५६मध्ये अशी शाई बाजारात आणली तेव्हा तिच्यात नीळ होती. जिच्या सक्तीच्या लागवडीविरुद्ध १९१७ साली चंपारणचा सत्याग्रह झाला, तीच नीळ.

टॅनिनसाठी युरोपात ओकच्या झाडावरची मायफळं वापरत. आपल्याकडे हिरडा. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला, भीमाशंकर-आहुपेच्या डोंगरात हिरड्याची झाडं आहेत, आणि महादेव कोळी कुटुंबं उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकतात. आपण हिरड्याला पोटाच्या औषधापुरतं ओळखतो. पण कातडं कमवायलाही तो लागतो, आणि हिराकशीबरोबर उकळला तर शाईही होते. बोरूच्या काळात काजळ आणि डिंकाच्या शाईसोबत ही पद्धतही माहीत होती.

त्याच तालुक्यात महाळुंगे पडवळ आहे. १९०८ साली इथे एका गरीब शेतकऱ्याच्या घरी बाबू गेनू सैद जन्मले. पोटासाठी मुंबईला गेले, गिरणीत कामाला लागले. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापड घेऊन निघालेल्या ट्रकसमोर ते आडवे झाले. ट्रक थांबला नाही. बाबू गेनू बावीस वर्षांचे होते.

स्वदेशीची गोष्ट आपण बहुतेक वेळा इथेच, कापडावर संपवतो. पण कापडावर बहिष्कार घालायचं पत्रक लिहायचं कशानं? टाक, निब, फाउंटन पेन, बाटलीतली चांगली शाई, सगळंच बाहेरून येणारं. चरखा घरात बसवता येतो, पण न गाळ बसणारी, निबेत न अडकणारी शाई परसात होत नाही.

बाबू गेनू गेले त्याच्या पुढच्या वर्षी, १९३१मध्ये, त्याच मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांच्या भावाने शाईचा धंदा सुरू केला. सुरुवात ‘हॉर्स ब्रँड’ पूड आणि गोळ्यांनी. पाण्यात टाकायची, ढवळायची, दौत भरायची. मग लवकरच फाउंटन पेनसाठी ‘कॅमल’ शाई आली, आणि पुढे कंपनी कॅमलिन झाली. एका घटनेतून दुसरी निघाली असं मी म्हणत नाही, पण शहर एक होतं आणि हवा एक होती. तिकडे बंगालात राजशाहीला मैत्र बंधूंनी १९३४मध्ये ‘सुलेखा’ काढली. तिची कहाणी तर थेट गांधीजींच्या देशी शाईच्या आग्रहाशी जोडली जाते.

मला यात दांडेकरांचं काम जास्त अवघड वाटतं. ट्रकसमोर झोपण्याशी त्याची तुलना नाही, ती करूही नये. पण बहिष्कारानंतर रिकाम्या झालेल्या फळीवर काय ठेवायचं, हा कंटाळवाणा प्रश्न कुणीतरी रोज सकाळी उठून सोडवावा लागतो. रंग प्रत्येक घाणीत सारखा यायला हवा, बाटली गळायला नको, आणि किंमत शाळकरी मुलाला परवडायला हवी.

२०११मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने कॅमलिनमधला निम्म्याहून अधिक हिस्सा घेतला. बाटलीवर उंट अजून आहे.

खरी लोह-टॅनिनची ब्लू-ब्लॅक मिळाली तर एक ओळ लिहा, फोटो काढा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच ओळीचा पुन्हा काढा. दोन्ही शेजारी ठेवून बघा. आणि पेन मात्र आठवड्याला पाण्याने धुवा. ही शाई निबेत वाळली तर सहज निघत नाही.